ढोल कोणी टाकला

पेटीकाकांचा संसार पायांवर चालला, असं त्यांची बायको म्हणायची. आठवडाभर ते शिवणयंत्रांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून पायडल मारायचे आणि रविवारी चर्चमधल्या पायपेटीचा भाता पायांनी हलवायचे. "दोन्हीकडे जन्मभर पाय मारले यांनी, फक्त पोचले कुठेच नाहीत," असं काकू चारचौघांत सांगायची आणि काका मान डोलवायचे, कारण हिशोब बरोबर होता.

दुकान रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होतं. आत यंत्राच्या तेलाचा वास, खिळ्यांना टांगलेले चामडी पट्टे, तुटक्या सुयांनी भरलेली एक बरणी आणि गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल. काका माणसांशी कमी आणि यंत्रांशी जास्त बोलायचे. "एवढं काय रुसायचं ते? टाका सोडायला काय झालं?" असं ते एखाद्या जुन्या यंत्राला विचारत बसायचे. स्वतःहून त्यांनी आयुष्यात फारसं काही ठरवलं नव्हतं. वडील पेटी वाजवायचे म्हणून हे वाजवायला लागले, वडिलांचं दुकान होतं म्हणून दुकानात बसले. बायकोसुद्धा वडिलांनीच बघितली होती, आणि ती चांगली निघाली हा नशिबाचा भाग.

अशा माणसाच्या मागे नवे पाळकसाहेब लागले. पाळकसाहेब तरुण होते, दूरदेशी विद्यापीठात शिकून आले होते आणि मनाने भले होते. भल्या माणसांपासून जरा जपूनच राहावं, त्यांना नाही म्हणता येत नाही. आल्या आल्या त्यांनी उपदेशातून जुन्या गोष्टी बाहेर काढायला सुरुवात केली. मिशन इथे पलटणीच्या मागोमाग आलं. थोरल्या साहेबांचा, म्हणजे हे चर्च उभारणाऱ्या पहिल्या पाद्र्याचा बंगला पलटणीच्या पैशाने बांधला गेला. सुवार्ता खरी होती, पण ती बंदुकीच्या आडोशाने आली, आणि येताना तिने आपलं बरंच काही हिरावून नेलं. "आपण आज जी गीतं गातो, त्यांचे सूरसुद्धा आपले नाहीत," असं ते एका रविवारी म्हणाले. सगळी मंडळी वळून पेटीकाकांकडे बघायला लागली. काकांचा पाय भात्यावरच थांबला आणि त्यानंतरचं गीत त्यांनी एक स्वर खाली सुरू केलं.

घरी येऊन त्यांनी कोट काढायच्या आधीच बायकोला विचारलं, "सूर आपले नाहीत, तर मग कोणाचे गं?"

"भाता कोण हलवतं?"

"मी."

"मग तुमचेच. कोट काढा आधी, घामाने भिजलाय."

पण काकांचं समाधान झालं नाही. हे सूर त्यांनी बापाच्या मांडीवर बसून शिकले होते. आईला पुरताना हेच वाजवले होते. आता कोणी म्हणतं हे चोरीचे, कोणी म्हणतं लादलेले. लादलेलं ओझं एवढं गोड कसं लागतं, हे त्यांना कळेना.

थोड्याच दिवसांत पाळकसाहेब स्वतः दोन पायऱ्या उतरून दुकानात आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"काका, थोरल्या साहेबांची नात येतेय. म्हाताऱ्या आहेत, तरी येतायत. आजोबांच्या काळात जे झालं त्याची माफी मागायला."

"कोणाची माफी?"

"आपल्या सगळ्यांची. पण मुख्य म्हणजे तुमची."

काकांच्या हातातला पेचकस खाली पडला. पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं. काकांचे आजोबा ढोल वाजवायचे. त्यांचं घराणंच ढोलवाल्यांचं. बाप्तिस्म्याच्या दिवशी थोरल्या साहेबांनी सगळ्या मंडळीसमोर त्यांचा ढोल जाळला, असं मिशनच्या जुन्या छापील अहवालात मोठ्या अभिमानाने लिहिलंय. म्हणून आता कार्यक्रम असा ठरला होता, की पाहुणे येतील तेव्हा पेटीकाका ढोल वाजवतील. मग पाहुण्या बाई क्षमा मागतील. काकांनी फक्त "क्षमा केली" एवढंच म्हणायचं.

"पण मला ढोल येत नाही."

"रक्तात आहे तुमच्या, काका."

आता काकांचं रक्त डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं. त्यात साखर निघाली होती, ढोल निघाला नव्हता. पण हे पाळकांना कसं सांगणार? त्यांनी दुसरंच विचारलं, "आणि पेटी?"

"त्या दिवसापुरती मागच्या खोलीत ठेवू. चालेल ना?"

काकांनी मान डोलवली. त्यांना फार वाईट वाटलं होतं, पण मान डोलवायची सवय जुनी होती.

ढोल शिकायचा तर कालव्यापलीकडे जायला हवं. पलीकडे त्यांचा चुलतभाऊ राहायचा, आजोबांच्या सख्ख्या भावाचा नातू. ती शाखा चर्चमध्ये आली नव्हती. दादा म्हणायचे त्याला. वयाने मोठा, शीतगृहावर पहारेकरी, आणि बोलावणं आलं की मिरवणुकीत नाहीतर मयतात ढोल वाजवायचा. कालव्याच्या अलीकडच्या चर्चवाल्यांनी पलीकडच्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही, त्यांच्या ताटात जेवायचं नाही, हा नियम थोरल्या साहेबांच्या वेळचा. आता तो कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण पाळायचे सगळे. बाजारात दोघं भेटले की "काय?" "बरं आहे" एवढं व्हायचं. दादाच्या बायकोचं शिवणयंत्र बिघडलं की दादा ते सायकलवर बांधून आणायचा आणि दुकानाच्या वरच्या पायरीवरून आत द्यायचा.

"इकडे आड तिकडे विहीर झालंय माझं," काका बायकोला म्हणाले. "पाळकांचं ऐकावं तर दादाच्या दारात जायला लागतं."

"मग जा की. दारच आहे ते, वाघाची गुहा नाही."

गेले. दादाने त्यांना बघितलं, गोष्ट ऐकून घेतली. मग आतून ढोल आणला. अंगणात कागदाचा आणि पुठ्ठ्याचा जाळ केला आणि ढोलाचं कातडं त्याच्यावर फिरवत फिरवत शेकलं.

"थंड कातडं बोलत नाही," तो म्हणाला. "घे. मार."

काकांनी मारलं. दादाने डोळे मिटले, जसे दाढ दुखल्यावर मिटतात.

"ढोल वाजवतोयस का दार?"

काकांचा उजवा हात कसाबसा चालायचा, पण डावा हात म्हणजे अगदी शिस्तीचा. तो गीताच्या ठेक्यावर एकदोन एकदोन करत पडायचा. दादा ठेका मोडून दाखवायचा, मध्येच थांबायचा, उशिरा यायचा, आणि त्या उशिरा येण्यातच खरी गंमत होती. काकांना उशिरा येता येईना. "तुझा हा हात चर्चला निघालाय," दादा म्हणायचा. "त्याला परत बोलाव." रोज संध्याकाळी दुकान बंद करून काका जात राहिले. तळहात सुजले. दुकानात पेचकस धरवेना. दादाची बायको रोज जेवायला थांबा म्हणायची आणि काका रोज "पोट भरलंय" म्हणायचे. हे खोटं असायचं. घरी येऊन ते दोन वेळचं जेवायचे आणि काकू त्यांच्याकडे बघत राहायची.

एक दिवस दादाने सहज विचारलं, "तुला उभं कुठे करणार आहेत?"

"दाराशी. चर्चच्या दाराबाहेर. पाहुणे येताना."

दादा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, बायकोने पाणी आणून दिलं, तरी थांबेना.

"दाराबाहेर! अरे, तुझ्या आजोबाने ढोल का सोडला, ठाऊक आहे का तुला?"

"साहेबाने जाळला."

"साहेबाने लाकडाचं रिकामं कडं जाळलं. माझा आजोबा तिथेच उभा होता, त्याने मला सांगितलंय. मोठ्या घरात कोणी मेलं की आपल्या लोकांनी दाराबाहेर उभं राहून वाजवायचं. प्रेत उचलेपर्यंत थांबायचं नाही. ऊन असो, पाऊस असो. आत पाऊल टाकायचं नाही. आणि शेवटी उरलंसुरलं अन्न दारातूनच फेकायचे. तुझ्या आजोबाची लहान पोर तापाने फणफणली होती तेव्हा जमीनदाराची आई मेली. माणूस बोलवायला आला, जावं लागलं. वाजवून परत आला तर पोर गेलेली. त्याने विळा घेतला, ढोलाचं कातडं चर्रदिशी फाडलं आणि कालव्यात फेकून दिलं. कोणी सांगितलं नव्हतं. साहेबाची आणि त्याची ओळखसुद्धा नव्हती. मग गेला आणि चर्चच्या पायरीवर बसला. साहेबाला जाळायला काहीतरी हवं होतं, म्हणून याने कडं दिलं."

काका त्या दिवशी वाजवू शकले नाहीत. त्यांना आजोबा आठवत होते ते म्हातारपणी खाटेवर पडलेले, फारसं न बोलणारे. आपल्यासारखेच मान डोलवणारे, असं काकांना वाटायचं. त्या माणसाने एकदा विळा उचलला होता हे ऐकून त्यांचा ऊर भरून आला, आणि लगेच डोकंही फिरलं. कारण आता त्यांना त्याच ढोलासकट पुन्हा दाराबाहेर उभं करणार होते, आणि तेही सन्मानाने.

दुसऱ्या दिवशी ते पाळकसाहेबांच्या खोलीवर गेले. जमेल तसं सगळं सांगितलं. पाळकांनी मन लावून ऐकलं, मग चष्मा काढून पुसला.

"काका, यालाच आम्ही आतली गुलामी म्हणतो. जुलूम एवढा होतो, की माणूस आपल्याच कलेचा द्वेष करायला लागतो."

"पण जुलूम जमीनदाराचा होता. साहेब तर तेव्हा मध्ये नव्हते."

"पण जमीनदाराच्या पाठीशी पलटण होती. आणि पलटणीबरोबर मिशन होतं."

काकांना हे पटलंही आणि पटलंही नाही. "म्हणजे आजोबांनी स्वतःच्या हाताने कातडं फाडलं, तेसुद्धा साहेबांनीच केलं म्हणायचं?"

पाळकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मलाही नीट कळत नाही हो. तिकडे शिकायला होतो तेव्हा ते लोक मला म्हणायचे, तुमचं स्वतःचं काहीतरी म्हणून दाखवा. आणि मला तुमच्या पेटीवरची गीतंच आठवायची. लाज वाटायची मला. आता त्या लाजेचीही लाज वाटते."

काकांना पाळकांची दया आली. गेले होते नाही म्हणायला आणि नुसतं 'येतो' म्हणून परत आले. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झाली होती. नाही म्हणावं, तर पाळकांनी एवढ्या कष्टाने जमवलेली गोष्ट मोडणार. हो म्हणावं, तर आजोबांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या मनाने केलेलं एक काम साहेबाच्या नावावर जमा होणार. काकूला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न काकांना कोणी फारसा विचारत नसे.

तो रविवार आला. मंडळी नवे कपडे घालून आली होती. दाराला फुलं लावली होती. पेटी मागच्या खोलीत चादरीखाली होती, काका सकाळी तिला हात लावून आले होते. ढोल दादाचा, आणि तो शेकायचा म्हणजे दादाच हवा, म्हणून दादा आला होता. त्याने फाटकाशी पुठ्ठ्याचा जाळ केला, ढोल तापवून काकांच्या गळ्यात अडकवला आणि स्वतः तिथेच फाटकाच्या खांबाला टेकून राहिला. आत ये असं त्याला कोणी म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

गाडी आली. काका दाराबाहेर उभे राहून वाजवू लागले. डावा हात पहिल्या फटक्यातच चर्चला निघून गेला आणि जे काही वाजलं ते गीताच्याच चालीचं वाजलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. पाहुण्यांनी तर डोळे पुसले. फाटकाशी दादाने मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला.

पाहुण्या बाई फारच म्हाताऱ्या निघाल्या. हातात काठी, पायांत कापडी बूट, मान किंचित हलणारी. क्षमा मागायची ती आत, दुसऱ्या गीतानंतर, असं ठरलं होतं. पण त्या काकांसमोरच थांबल्या. काका वाजवायचे थांबले. बाई बोलायला लागल्या आणि पाळक त्यांचं बोलणं आपल्या भाषेत सांगायला लागले.

"त्या म्हणतात, माझ्या आजोबांनी तुमच्या आजोबांचा ढोल जाळला. त्यांचं स्वतःचं जे होतं ते त्यांच्या हातून काढून घेतलं. मला याची फार लाज वाटते. मला क्षमा करा."

सगळे थांबले. काकांनी म्हणायचं होतं "क्षमा केली." दोनच शब्द. एवढ्या लांबून एवढ्या वयात आलेल्या बाईला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? काकांची मान डोलायला लागली होती, सवयीने. त्यांनी ती थांबवली.

"बाई, ढोल माझ्या आजोबांनी स्वतः टाकला," ते म्हणाले. "त्याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते आमचं आहे. ते आमच्याकडेच राहू द्या."

पाळकांनी काकांकडे बघितलं. मग जसंच्या तसं सांगितलं. बाई गोंधळल्या. त्यांनी हळूच काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, मग मी कशाची क्षमा मागू?"

हे तर काकांनी ठरवलंच नव्हतं. त्यांनी दाराकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. खांबाला टेकलेला दादा दिसला आणि एकदम त्यांना शब्द सुचले.

"तो माझा भाऊ. तुमच्या आजोबांनी नियम केला, की त्यांच्या लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही, त्यांच्या ताटात जेवायचं नाही. आमचे आजोबा सख्खे भाऊ होते. नंतर एकमेकांच्या घरी गेले नाहीत. ढोल आम्ही टाकला, बाई. भाऊ तेवढा तुम्ही टाकायला लावलात."

मंडळीत कुजबुज झाली. काकांना हलकं वाटलं. इतके दिवस डोक्यात जो गुंता झाला होता त्याचं टोक सापडलं असं त्यांना वाटलं. बाईंनी ऐकलं, मान हलवली आणि काठी टेकत टेकत फाटकाकडे निघाल्या. पाळक त्यांच्या मागे, काका ढोलासकट पाळकांच्या मागे, आणि नटलेली मंडळी दारातच. बाई दादासमोर उभ्या राहिल्या आणि क्षमा मागितली. या वेळी त्यांना रडू आलं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. हात जोडले. "बाई, एवढ्या लांबून आलात, विचारलंत, बरं वाटलं," तो म्हणाला. "माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही."

मग तो काकांकडे वळला. आवाज चढवला नाही.

"थोरला साहेब मेला तेव्हा आपण दोघं जन्मलोही नव्हतो. या बाई तर समुद्रापलीकडे होत्या. माझा बाप गेला तेव्हा तू कुठे होतास?"

काकांनी ढोलाचा पट्टा मानेवर जरा सरकवला.

"दुकानात होतास. कालव्यापलीकडे मी बापासाठी ढोल वाजवत होतो. ऐकू आला का तुला?"

"आला."

"मग?"

काकांच्या गळ्यात ढोल जड झाला होता. नियम कोणी केला ते त्यांनी आत्ताच सगळ्यांना सांगितलं होतं. तो पाळला कोणी, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी कोणी अडवलंही नव्हतं. ढोल ऐकत ऐकत त्यांनी एका यंत्राचा पट्टा बदलला होता.

बाईंनी पाळकांच्या बाहीला हात लावून काहीतरी विचारलं. पाळकांनी काकांकडे बघितलं.

"काका, त्या विचारतायत, हे काय म्हणाले. सांगू का त्यांना?"

"नको," पेटीकाका म्हणाले. "ते त्यांना नाही. ते मला आहे."